घड्याळ लावायचं, पण कधी?

चुडाव्याच्या स्टेशनवर नांदेडकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघणाऱ्यांत एखादा तरी चेहरा असा दिसतो, की ज्याच्या मांडीवर जीवशास्त्राचं एनसीईआरटीचं पुस्तक उघडं असतं. पानावर पिवळ्या-गुलाबी रेघा, कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं काहीबाही. गाडी आली, की पुढं लिंबगाव, मग नांदेड. आज रविवार, म्हणजे क्लासची टेस्ट. संध्याकाळी परतीच्या गाडीत तोच चेहरा असतो, पण पुस्तक बॅगेत गेलेलं असतं. घरी पाय ठेवल्या ठेवल्या आई विचारणार, "कसा गेला रे पेपर?" आणि उत्तर ठरलेलं : "येत होतं सगळं. टाइमच पुरला नाही."

मित्रमैत्रिणींनो, खरं सांगा, हे वाक्य तुम्ही किती वेळा बोललात? नीटची तयारी करणाऱ्या प्रत्येकानं ते कधी ना कधी वापरलेलं असतं. वाक्य खोटं नाही. पण त्याच्या भरवशावर पुढची तयारी ठरवली, तर ते फसवतं. तुम्ही उद्याचे डॉक्टर होणार आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. "ताप आलाय" हे निदान नसतं, ते लक्षण असतं. ताप मलेरियाचा, टायफॉइडचा की साध्या सर्दीचा, हे बघितल्याशिवाय कोणी गोळी लिहून देत नाही. "वेळ पुरला नाही" हासुद्धा तापच आहे. आणि आपल्याकडं या तापावर सगळ्यांना एकच गोळी दिली जाते : "अजून टेस्ट दे. टायमर लावून सोडव."

या गोळीनं काहींचा ताप उतरतो, काहींचा वाढतो. तो का वाढतो, आणि गोळी नेमकी कधी घ्यायची, हे आज बघू.

आधी परीक्षेचं गणित

२०२५ पासून नीटचा पेपर पुन्हा जुन्या आखणीवर आला. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. त्याआधीची काही वर्षं २०० प्रश्नांतून १८० सोडवायची सोय होती, आणि २०२२ ते २०२४ या काळात वेळही २०० मिनिटांचा होता. ती सोय गेली आणि वाढीव वीस मिनिटंही गेली. म्हणून त्या वर्षांचे पेपर सरावाला घेताना एक काळजी घ्या. प्रत्येक विभागातले जादाचे प्रश्न बाजूला काढा, १८० प्रश्न ठेवा आणि १८० मिनिटंच धरा. नाहीतर सराव एका परीक्षेचा व्हायचा आणि परीक्षा दुसरीच द्यावी लागायची.

एका प्रश्नाला एक मिनिट, असं हिशेबात दिसतं. प्रत्यक्षात तेवढंही मिळत नाही. उत्तरपत्रिकेवर १८० गोळे रंगवायचे असतात. एका गोळ्याला सहा सेकंद धरले तरी अठरा मिनिटं त्यातच जातात. म्हणजे विचार करायला, वाचायला आणि आकडेमोडीला मिळून १६२ मिनिटं उरली. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. १५० प्रश्न सोडवून १४० बरोबर आणले, तर ५६० वजा १०, म्हणजे ५५० गुण. सगळे १८० सोडवले आणि तरी बरोबर १४०च आले, तर ५६० वजा ४०, म्हणजे ५२०. जास्त प्रश्न सोडवून तीस गुण कमी! मधल्या गुणांच्या गर्दीत तीस गुणांनी रँक हजारोंनी मागं जाते. परभणीला २०२३ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १०० जागा आहेत. आपल्यासाठी एक जवळचं दार उघडलं, हे खरं. पण त्या दारापुढची रांग किती लांब आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. २०२५ मध्ये ही परीक्षा देशभरातून बावीस लाखांवर मुलांनी दिली.

वेळेची किंमत काय असते, हे २०२४ मध्ये सगळ्या देशानं पाहिलं. काही केंद्रांवर मुलांचा वेळ वाया गेला म्हणून १,५६३ जणांना वाढीव गुण दिले गेले. त्यावर वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते गुण मागं घेतले गेले आणि त्या मुलांना २३ जूनला पुन्हा परीक्षा देण्याची संधी मिळाली. थोड्या मिनिटांवरून एवढं घडतं. तेव्हा "घड्याळाची फिकीर करू नका, ज्ञान महत्त्वाचं" असं गोड बोलून आम्ही तुम्हाला फसवणार नाही. घड्याळ लागणारच आहे. ते कोणत्या टप्प्यावर लावायचं, एवढाच प्रश्न आहे.

दोघांना नव्वदच, पण आजार वेगळा

समजा, एकाच क्लासमधले दोघं आहेत. एक चुडाव्याहून अप-डाऊन करते, दुसरा नांदेडातच रूम करून राहतो. रविवारी भौतिकशास्त्राची ४५ प्रश्नांची टेस्ट झाली, वेळ एक तास. तिनं ३० प्रश्न सोडवले. त्यातले २४ बरोबर, ६ चूक. ९६ वजा ६, म्हणजे ९० गुण. त्यानं ४० सोडवले. २६ बरोबर, १४ चूक. १०४ वजा १४, म्हणजे त्यालाही ९०च. भिंतीवर लागलेल्या यादीत दोघं एकाच नंबरवर. सर दोघांनाही म्हणणार, "स्पीड वाढवा."

आता दोघांनी घरी जाऊन एक काम केलं असं धरा. उत्तरसूची न बघता तोच पेपर पुन्हा घेतला, हिरव्या पेनानं, कितीही वेळ लागो. तिला दोन तास लागले, पण ४५ पैकी ४० बरोबर आले आणि ५ चुकले. १६० वजा ५, म्हणजे १५५. त्यानंही तेवढाच वेळ घेतला. त्याचे २९ बरोबर, १६ चूक. ११६ वजा १६, म्हणजे १००.

बघा, एकाच गुणांमागं काय काय दडलेलं होतं! तिला विषय येतो, तो वेळेत कागदावर उतरत नाही. तिच्या दोन आकड्यांत ६५ गुणांची दरी आहे. तिनं घड्याळ लावून भरपूर सराव करायलाच पाहिजे. त्याच्याकडं वेळ कितीही दिला तरी दहाच गुण वाढतात. त्याची अडचण वेगाची नाहीच, धडाच कच्चा आहे. त्यानं अजून वीस टेस्ट दिल्या, तर तो वीस वेळा त्याच चुका करील, फक्त जरा जास्त घाईनं. त्याला सध्या घड्याळ बाजूला ठेवून पुस्तक उघडायची गरज आहे.

ही दोन पेनांची पद्धत तुम्ही या रविवारपासून सुरू करू शकता. निळ्या पेनाचे गुण म्हणजे वेळेतले गुण, हिरव्या पेनाचे म्हणजे वेळेशिवायचे. वहीच्या मागच्या पानावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. दरी मोठी असेल तर घड्याळ लावा. दरी लहान आणि दोन्ही आकडे कमी असतील तर घड्याळ काढा. दरी लहान आणि दोन्ही आकडे चांगले असतील तर पुढच्या धड्याकडं चला. अट एकच. हिरवा पेन चालवायच्या आधी उत्तरसूची, व्हॉट्सॲप ग्रुप आणि शेजारच्याची वही, यातलं काहीही बघायचं नाही. उत्तर एकदा दिसलं, की "अरे हे तर येत होतं" असं वाटायला लागतं, आणि ते वाटणं काही खरं नसतं.

वेग येतो कुठून?

घाईघाईनं सराव केल्यानं वेग येतो, असा आपला पक्का समज आहे. एक छोटं उदाहरण घेऊ. एक चेंडू सेकंदाला २० मीटर वेगानं सरळ वर फेकला. गुरुत्वीय त्वरण १० धरा. चेंडूचा वेग निम्मा झाला तेव्हा तो किती उंचीवर असेल?

घड्याळ टिकटिकत असेल तर हात आपोआप सूत्राकडं जातो. वेगाचे वर्ग, वजाबाकी, भागाकार. ४०० वजा १००, भागिले २०, उत्तर १५ मीटर. चिन्हात गडबड झाली नाही तर मिनिटाच्या आत होतं. झाली तर गेलं. आता हाच प्रश्न एखाद्या निवांत दुपारी, वेळ न लावता घ्या. सूत्रानं सोडवा, मग आलेख काढून सोडवा, मग ऊर्जेच्या बाजूनं बघा. वेग निम्मा झाला म्हणजे गतिज ऊर्जा पावपट राहिली. उरलेली पाऊणपट ऊर्जा उंचीत गेली. चेंडू सगळा मिळून २० मीटर वर जाणार, त्याचे तीन चतुर्थांश म्हणजे १५ मीटर. झालं! कागदाला पेन लावायची गरज नाही, दहा सेकंदांचं काम.

हे दहा सेकंद परीक्षेत मिळाले, पण ते कमावले त्या निवांत दुपारी, जेव्हा एकाच प्रश्नावर तुम्ही वीस मिनिटं घालवली आणि शेजारचा म्हणाला, "अजून तिथंच आहेस का?" हो, तिथंच होतो. तिथं थांबल्यामुळंच वेग आला. वेळ लावलेल्या सरावात आपल्याला माहीत असलेली वाट जरा लवकर पार होते, पण नवी वाट सहसा सापडत नाही. नवी वाट शोधायला चुकायची मुभा लागते, आणि घड्याळ ती मुभा देत नाही.

अमेरिकेतल्या रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोन संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवर एक प्रयोग केला होता. चुकीच्या वाटेनं गेलं की विजेचा हलका झटका. दोन वाटांमधला फरक ओळखायला सोपा होता तेव्हा झटका जोराचा असला तरी उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणं अवघड केलं, तेव्हा जोराच्या झटक्यानं शिकणं उलट मंदावलं आणि मध्यम झटका बरा ठरला. आता आपण काही उंदीर नाही. पण अवघड काम आणि जास्त ताण यांचं जमत नाही, हा अनुभव तुमचाही असेल. पाठ झालेल्या वनस्पती वर्गीकरणावर टायमर लावला तर मजा येते. काल शिकवलेल्या परिवलन गतीवर लावला तर डोकं बधिर होतं.

मग "टेस्टच नको" असा निष्कर्ष काढून मोकळं व्हायचं का? तसंही नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं वाचून झाल्यावर पुस्तक मिटून, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढं गेले. म्हणजे स्वतःची परीक्षा घेणं हाच अभ्यास आहे, नुसतं रेघा मारत वाचणं नाही. पण ती परीक्षा घ्यायला टायमर लागतोच असं कुठं आहे? पुस्तक मिटून प्रश्न सोडवणं ही एक गोष्ट आणि घड्याळ लावून सोडवणं ही दुसरी. आपण दोन्हींची गल्लत करतो. म्हणून एकतर टायमर लावून धावतो, नाहीतर पुस्तक उघडं ठेवून लोळतो. मधली जागा रिकामीच राहते.

चढतं घड्याळ, उतरतं घड्याळ

त्या मधल्या जागेसाठी एक साधी युक्ती आहे. घड्याळ दोन तऱ्हांनी लावता येतं. एक उतरतं. तीस मिनिटं ठेवली, ती कमी होत जाणार आणि शून्यावर आलं की पेन खाली. दुसरं चढतं. शून्यापासून सुरू केलं, ते वाढत जाईल, पण तुम्हाला कोणी थांबवणार नाही. संपल्यावर फक्त लिहून ठेवायचं, या वीस प्रश्नांना मला किती वेळ लागला.

नवीन धडा असेल तेव्हा पहिले काही दिवस घड्याळच नको. एकेक प्रश्न पुरता समजेपर्यंत. धडा जरा हाताखाली आला, की चढतं घड्याळ. वीस प्रश्न, वेळेची नुसती नोंद. आज ३८ मिनिटं, चार दिवसांनी ३१, पुढच्या आठवड्यात २४. बरोबर उत्तरं टिकून राहिली आणि वेळ उतरत गेला, तर समजा धडा पिकला. मग उतरतं घड्याळ लावा. बरोबर उत्तरांचं प्रमाण ढासळलं तर लाज न बाळगता पुन्हा एक पायरी खाली या. हे प्रत्येक धड्यापुरतं वेगळं ठरेल. मानवी शरीरशास्त्रात तुम्ही तिसऱ्या पायरीवर असाल आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तनात पहिल्या. त्यात काही बिघडत नाही.

जे मुलं-मुली अकरावीत आहेत, त्यांचा बराचसा काळ पहिल्या दोन पायऱ्यांवर जावा. बारावीत डिसेंबर-जानेवारीपर्यंत बहुतेक धडे दुसऱ्या पायरीवर यावेत. आणि बोर्डाची परीक्षा संपली, की मात्र उतरत्या घड्याळाला पर्याय नाही. तेव्हा "मी अजून समजून घेतोय" ही पळवाट होते, आणि ती पळवाटही आम्ही पुष्कळ बघितली आहे. वर्षभर निवांत अभ्यास करून, पूर्ण पेपर एकदाही सलग न सोडवता परीक्षेला बसणारी हुशार मुलं असतात. त्यांना विषय येतो, पण सव्वा मिनिटात प्रश्न सोडून पुढं जाणं येत नाही. प्रश्न सोडून देणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि ते घड्याळाशिवाय शिकताच येत नाही.

ज्यांना सीईटीही द्यायची आहे, त्यांनी वेळेचा सराव दोन्हींचा वेगळा ठेवावा. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, तिथं प्रश्न कोरा सोडणं हा तोटा. नीटमध्ये धाडकन ठोकून द्यायची सवय महागात पडते. एका आठवड्यात दोन्हींची सरमिसळ केली, की हाताला नको ते वळण लागतं.

पूर्ण पेपरचा सराव करताना तो खऱ्यासारखाच करा. नीट दुपारी दोन ते पाच असते, आणि ती मे महिन्यात. मराठवाड्यातली मेची दुपार म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. पहाटे पाचला गार वाऱ्यात दिलेली टेस्ट आणि दुपारी तीनला, जेवण झालेलं, पंखा गरम हवा फेकतोय अशा वेळी दिलेली टेस्ट, यात फरक असतो. निदान शेवटचे आठ-दहा पेपर दुपारी दोनलाच सोडवा. सोबत गोळे रंगवायची उत्तरपत्रिका घ्याच. आणि मनगटावरचं घड्याळ, मोबाइल दोन्ही लांब ठेवा. परीक्षेच्या खोलीत हातातलं घड्याळ चालत नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघूनच वेळ जुळवायचा असतो. ज्याला मोबाइलवर सेकंद बघायची सवय, त्याचा जीव तिथं वर-खाली होतो.

मिनिटांची वाटणी प्रत्येकाची वेगळी, पण सुरुवातीला ही धरून बघा. जीवशास्त्र ४५ मिनिटं, रसायनशास्त्र ४५, भौतिकशास्त्र ६०. हे झाले दीडशे. गोळ्यांना अठरा. उरली बारा मिनिटं, ती सोडून दिलेल्या प्रश्नांसाठी. मात्र वाटणी दगडावरची रेघ समजू नका. २०२५ चा भौतिकशास्त्राचा भाग फार अवघड गेल्याची चर्चा देशभर झाली. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्याचे गुण ७२० पैकी ६८६ होते, आणि आदल्या वर्षी पैकीच्या पैकी मिळवणारे कितीतरी होते. अशा पेपरमध्ये ठरलेल्या मिनिटांना चिकटून बसला तो अडकला. पेपर अवघड असेल तर तो सगळ्यांनाच अवघड असतो, हे लक्षात ठेवून वाटणी जागेवर बदलायचा सरावही करावा लागतो. त्यासाठी आठ पेपरांत एक तरी मुद्दाम अवघड निवडा.

तिसरं कारण, ज्याबद्दल कोणी बोलत नाही

"वेळ पुरला नाही" या तापाची दोन कारणं झाली. धडा कच्चा असणं, आणि धडा येत असूनही हात मंद असणं. गावाकडच्या मुलांसाठी एक तिसरंही कारण असतं, आणि वर्गात ते बोलायची लाज वाटते. ते म्हणजे इंग्रजी वाचण्याचा वेग.

दहावीपर्यंत मराठीत किंवा सेमीत शिकलात. अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत. प्रश्न आता लांबलचक येतात. दोन विधानं, त्यांची कारणं, जोड्या लावा, "खालीलपैकी कोणतं विधान चूक आहे" असले फिरवलेले प्रश्न. शहरातल्या इंग्रजी शाळेतला मुलगा तो वीस सेकंदांत वाचतो, तुम्हाला चाळीस लागतात. नव्वद प्रश्नांवर वीस-वीस सेकंद म्हणजे अर्धा तास गेला, आणि जीवशास्त्र तर तुम्हाला त्याच्याइतकंच येतं! तुम्ही स्वतःला "स्लो" म्हणवून घेता. तुम्ही स्लो नाही. तुम्ही एका वेळी दोन कामं करताय.

हे आपल्याला आहे का, ते कसं ओळखायचं? चढतं घड्याळ लावा आणि दहा लांब प्रश्न नुसते वाचा, सोडवू नका. प्रत्येक वाचून झाल्यावर "काय विचारलंय" ते मराठीत मनात म्हणा. त्याला किती वेळ गेला ते बघा. वेळ तिथंच जात असेल तर टेस्ट वाढवून उपयोग नाही. रोज पंधरा मिनिटं एनसीईआरटीचं इंग्रजी पान मोठ्यानं वाचा, आणि "एक्सेप्ट", "इनकरेक्ट", "नॉट" यांसारखे अर्थ उलटवणारे शब्द खाली रेघ मारून पकडायची सवय लावा. नीटचा पेपर मराठीतही घेता येतो. पण अकरावी-बारावी इंग्रजीत केली असेल तर पारिभाषिक शब्द मराठीत अडवतात, हे आधी जुन्या मराठी प्रश्नपत्रिकेवर करून बघा आणि मगच फॉर्म भरताना ठरवा.

थोडं मोठ्यांनाही

क्लास चालवणाऱ्या सरांना एक विनंती आहे. टेस्टचा उपयोग होतो, हे लातूर-नांदेडनं दाखवून दिलं आहे. सतत सराव परीक्षा हा आपल्या भागातल्या यशाचा पाया आहे, आणि तो गावखेड्यातल्या मुलांच्या कामी आला आहे. पण टेस्टनंतरची एक रात्र मुलांना द्या. उत्तरसूची लगेच ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी हिरव्या पेनाचे गुणही विचारा. यादी लावायचीच असेल तर ती दोन रकान्यांची लावा. अकरावीच्या पहिल्या तिमाहीत, धडा शिकवून दोन दिवस झाले नाहीत तोवर मिनिटं मोजून रँक लावली, तर मागच्या बाकावरचं लेकरू एवढंच शिकतं की आपल्याला जमत नाही. ते मत एकदा बसलं की फार चिवट असतं.

आईवडिलांनाही सांगायचं आहे. सोयाबीनच्या पट्टीतून क्लासची फी भरलेली असते, म्हणून दर रविवारी गुण विचारावेसे वाटतात. विचारा. पण सोबत हेही विचारा : "वेळ न लावता किती आले असते?" या एका प्रश्नानं घरातलं अर्धं वातावरण बदलेल. पोराला काय येतं आणि काय अडतं, ते त्याला स्वतःला सांगता येईल.

आणि तुमच्यापैकी कोणाला घड्याळ लावलं की छातीत धडधड होते, हात गार पडतात, येत असलेलंही आठवेनासं होतं, असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर ते दडवू नका. घरी बोला, सरांशी बोला. सरकारच्या टेलिमानस या मोफत सेवेचा १४४१६ हा नंबर याचसाठी आहे. डॉक्टर व्हायला निघालेल्यांनी मदत मागायला लाजायचं कारण नाही.

या सगळ्याला पैसे किती लागतात? दोन पेनं, जुने पेपर, भिंतीवरचं घड्याळ. हजारोंची टेस्ट सिरीज लावली नाही म्हणून कोणी मागं पडत नाही. उलट चुडाव्याहून रोज जाणाऱ्यांकडं एक घड्याळ फुकटचं आहे. चुडावा सुटलं की दहा प्रश्न घ्यायचे आणि लिंबगाव यायच्या आत संपवायचे. गाडी काही तुमच्यासाठी थांबत नाही, हे उतरतं घड्याळ झालं. परतीच्या गाडीत मात्र वेळ बघू नका. सकाळी चुकलेला एकच प्रश्न घ्या, खिडकीबाहेर बघत त्याचा विचार करा, गाव येईपर्यंत.

पुढच्या रविवारी आईनं विचारलं, "कसा गेला पेपर?" तर "टाइम पुरला नाही" एवढ्यावर थांबू नका. वहीचं मागचं पान उघडा आणि दोन्ही आकडे सांगा.